तुझ्याकडे फ्रिज नाही

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुम्ही सगळे बरे असालच. नसलात तरी आईने मला कळू दिलं नसतं. इकडे आम्ही मजेत. तुझ्या भाऊजींची पाठ पुन्हा धरलीय, पण कपाट एकट्याने सरकवायचा हट्ट काही सुटत नाही. तुझी भाची गाडी शिकतेय. तिच्या शेजारी बसलं की माझा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन कंपनीचा आहे. शिवाय फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझा मुद्दा राहून जातो. अजूनही मी मुद्द्यावर आलेली नाही, हे मला दिसतंय.

ऑफिसात मी नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. घरात धंद्याचं बोलायचं नाही हा आईचा नियम आपण दोघांनी जरा जास्तच पाळला. आमची कंपनी टीव्हीपासून इस्त्रीपर्यंत सगळं बनवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक खोलीत तिचा वेगळा वैरी असतो. बाजारात कुणाची नवी वस्तू आली की ती विकत आणून आमच्या टेबलावर ठेवतात. तिला आम्ही 'पाहुणा' म्हणतो. पाहुण्याचे स्क्रू काढायचे, पोटात काय आहे ते बघायचं आणि साहेबांना सांगायचं, हा पाहुणचार माझ्याकडे. इतकी वर्षं मी प्रत्येक पाहुण्याबद्दल "ठीक आहे" एवढंच म्हणत आले. तिथे माझं नावच 'ठीक आहे मॅडम' पडलंय.

गेल्या महिन्यात तुझ्या कारखान्यातला स्पीकर टेबलावर आला.

हा माझ्या भावाचा, असं मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी गप्प बसले. खरं म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. सगळे स्क्रू एकाच मापाचे. बॅटरीचं झाकण साध्या नाण्याने उघडतं, म्हणजे घरातलं कुणीही बॅटरी बदलू शकेल. आमच्या स्पीकरची बॅटरी गेली की अख्खा स्पीकर फेकावा लागतो. आवाज पूर्ण वाढवला तरी तुझं खोकं जराही थरथरलं नाही. मी दोनदा वाढवून पाहिला.

मीटिंगमध्ये साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "मॅडम, ठीक आहे ना?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "फार सुंदर केलंय. आपल्याला हे जमलेलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तुझं कौतुक करताना मला इतकं बरं वाटत होतं, की ते असे का बघतायत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी बोलतच राहिले. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

नेहमीसारखं "ठीक आहे" म्हटलं असतं, तर तुझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आता नीट वाच. नव्या वर्षात आमचा तसाच स्पीकर येतोय, नाण्याने उघडणाऱ्या झाकणासकट. किंमत तुझ्या निम्मी. त्यात तोटा आहे, पण तो फ्रिजच्या विक्रीतून भरून काढायचा आणि तू बाजारातून उठेपर्यंत किंमत वाढवायची नाही, असं ठरलंय. धाकट्या, तुझ्याकडे फ्रिज नाही.

आई सांगत होती, तू मोठी शेड घेतोयस आणि बायकोच्या भावालाही नोकरी सोडून ये म्हणालायस. शेडच्या करारावर सही करू नकोस. मेहुण्याला आहे तिथेच राहू दे. हे तुला सांगितलं म्हणून माझी नोकरी गेली तर जाऊ दे, मी बघेन. तू चिडशील आणि तुझा तो हक्कच आहे. महिनाभर बोलू नकोस हवं तर, पण सही करू नकोस.

स्पीकर फार सुंदर झालाय रे. हे तुला सांगायचं होतं, आणि मी साहेबांना सांगून बसले.

तुझीच,
ताई