रेघ मारली की काम संपलं

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी १०.

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. खरं तर मला राग येतच नाही. लोक वेडेपणा करतात, मी तो दाखवून देतो, त्याला लोक राग म्हणतात.

आजचा वेडेपणा ब्राउझरचा. बातम्यांचं पान उघडायला घेतलं. चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, पान पांढरं ते पांढरंच. कप हिने विसळला, पण वेळ तेवढाच गेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. लिहून काढलं. आता शांत आहे.

दुपारी १.

शांत नाही. पान अजून उघडलेलं नाही.

आणि नेमकं आत्ताच. ही गणिताची शिक्षिका, मार्चमध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून घरात अशी वावरते जणू चुकून कोणीतरी तिची बदली इथे केली आहे. आता एक संस्था आहे, कॉम्प्युटरवरून मुलांना शिकवते. त्यांनी हिला नमुना तास घ्यायला सांगितलाय. शनिवार १५, सकाळी ११, सहा मुलं, विषय अपूर्णांक. जमलं तर रोज दोन तास शिकवायला मिळेल. सकाळपासून ही गुणगुणते आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मी सांगितलं, कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडे. नऊ दिवस आहेत, मला दोन पुरेत. ही म्हणाली, धाकटीला बोलवू का? धाकटी म्हणजे माझी मेहुणी, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. मी म्हटलं, चौतीस वर्षं रेकॉर्ड विभाग सांभाळला, एक ब्राउझर सांभाळता येणार नाही? ही आत निघून गेली. पटलं असावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

पहिला उपाय: रीस्टार्ट. पडद्याखालचं बटण दाबलं, सगळं काळं. परत दाबलं, दोन सेकंदांत सगळं जागच्या जागी हजर. तीनदा केलं. तिन्ही वेळा दोन सेकंद! म्हणजे कॉम्प्युटर घोड्यासारखा आहे, दोष ब्राउझरचाच. निदान पक्कं.

दुसरा उपाय वाचायला नवी खिडकी उघडली. मी प्रत्येक कामाला नवी खिडकी घेतो. एका फाइलमध्ये दोन प्रकरणं घातली की घोळ होतो, हे नवीन लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. काम झालं की वरच्या कोपऱ्यातली आडवी रेघ दाबायची, खिडकी बंद. टिपणी संपली की खाली रेघ मारतात, तसंच. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांत कोणीतरी ऑफिसचं वळण असलेला माणूस होता हे नक्की.

शेजारी फुली पण आहे. तिला मी हात लावत नाही. फुली मारली की कागद रद्दीत गेला, आणि त्याला वरिष्ठांची सही लागते. एका कारकुनाने एकदा सहीशिवाय फुली मारली होती. नंतर तीन महिने आम्ही तो कागद शोधत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार.

काल दिवसभरात ब्राउझर वेगवान करण्याचे एकवीस उपाय वाचले. एकवीस खिडक्या उघडल्या, एकवीस वेळा रेघ मारली. ब्राउझर आणखी हळू झाला. मुद्दाम करतोय.

‘ब्राउझर सुसाट’ नावाचं काहीतरी बसवलं. ते म्हणतं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १,२४७ दोष आहेत. वाचून बरं वाटलं. मी म्हणतच होतो. मग ‘ब्राउझर डॉक्टर’ बसवला. तो म्हणतो, ‘ब्राउझर सुसाट’ हाच मोठा दोष आहे. दोघांचं जुंपलंय. आम्ही ऑफिसात दोन लेखापरीक्षक एका खोलीत कधी बसवले नाहीत.

हिने दारातून विचारलं, सराव करायला कधी मिळेल? मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं, मध्ये मध्ये करू नकोस. मग ही स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दारावर खडूने अपूर्णांक लिहून बघत होती, असं नंतर दिसलं. खडू पुसायला मला अर्धा तास लागला. त्याबद्दलही बोलावं लागलं.

१० नोव्हेंबर, सोमवार.

इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने स्वतःच्या फोनवर वेग मोजला, म्हणाला, उत्तम आहे. म्हटलं, तुझ्या फोनचा उत्तम असेल, माझ्या घराचं सांग. तो म्हणाला, काका, हे तुमच्याच घराचं इंटरनेट आहे. म्हटलं, मला शहाणपणा शिकवू नकोस. तो पिशवी उचलून चालता झाला. जाताना हिला म्हणाला, काकू, काळजी घ्या. कसली काळजी? इंटरनेटची घ्यायची ती याने.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. हिने कळवलं असणार, मला न विचारता. तिने विचारलं, भाऊजी, किती खिडक्या उघड्या आहेत? पडद्याकडे बघून सांगितलं, एक. रीस्टार्ट केला? तीनदा. म्हणाली, मी येऊन बघते. म्हटलं, गरज नाही, निदान झालेलं आहे. हात टेकले असणार तिने. दुकान चालवणं वेगळं आणि डोकं चालवणं वेगळं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

आज माऊस हलवला की बाण चार सेकंदांनी हलतो. बाणाला सांगून बघितलं. मग मोठ्याने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. थंडी असावी.

संकल्प: उद्यापासून आवाज चढवायचा नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

आवाज चढला. पण कारण होतं. ही म्हणाली, मी शनिवारी धाकटीच्या घरी जाऊन तास घेऊ का? म्हणजे आठ दिवस मी इथे झक मारतोय? माझ्यावर भरवसा नाही का? चौतीस वर्षांत माझ्या विभागातून एक कागद हरवला नाही (तीन महिने सापडत नव्हता तो सोडून). सगळं बोललो. ही म्हणाली, बरं, इथूनच घेते.

घरात आता छान शांतता आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्याची तयारी पूर्ण. टेबल पुसलं, खुर्ची सरळ केली, हिच्यामागे भिंत कोरी दिसावी म्हणून कॅलेंडर काढलं. खात्रीसाठी आणखी चौदा उपाय वाचले, चौदा रेघा मारल्या. उद्या ब्राउझरची टाप नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.

नीट क्रमाने लिहितो. नाहीतर काहीतरी फुटेल.

१०.५५. ही इस्त्रीची साडी नेसून बसली. चष्मा दोनदा पुसला. मी म्हटलं, मी आहे ना.

११.००. पडद्यावर सहा मुलं आणि संस्थेच्या बाई. ही म्हणाली, आज आपण पोळी वाटून घेऊ. मुलं हसली. इतक्या वर्षांत मी हिला शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं. आवाजच वेगळा होता. घरात असा आवाज नसतो.

११.०४. चित्र गोठलं. मुलं गोठली, बाई गोठल्या, कोपऱ्यातली ही पण गोठली, तोंड अर्धं उघडं. ‘ब्राउझर सुसाट’ वर आला आणि म्हणाला, अभिनंदन.

ही संस्थेला फोन लावायला आतल्या खोलीत गेली. मी खुर्चीत बसलो आणि ब्राउझरला नऊ दिवसांचं एकदमच सांगितलं. लिहून ठेवतो, कारण एकही शब्द चुकीचा नव्हता: ‘काय तोंड शिवलंय का? इतके दिवस सांगतोय, एक काम धड जमत नाही तुला. चार लोकांसमोर माझी शोभा केलीस. डोकं आहे की खोकं? उद्याच उचलून घराबाहेर टाकतो, मग कळेल!’

मग वायर ओढली. पहिल्यांदाच. पडदा काळा, आणि टेबलाखालच्या डब्याची घरघरसुद्धा थांबली. ती घरघर होती हेच मला माहीत नव्हतं.

दुपारी ४.

संस्थेच्या बाईंचा फोन आला. हिने स्पीकरवर घेतला, हातात कणीक होती म्हणून. मी दारात उभा होतो.

बाई म्हणाल्या, चित्र बंद पडलं होतं, पण आवाज शेवटपर्यंत येत होता. मुलांनीही ऐकलं. एक मुलगी रडली. मग बाईंनी आवाज एकदम हळू केला आणि विचारलं, ‘तुम्ही घरी बऱ्या आहात ना? मोकळेपणाने बोलता येत नसेल तर फक्त हो किंवा नाही म्हणा.’

मला आधी कळेचना. मग कळलं. मी हाताने खूण करत होतो, सांग, सांग की कॉम्प्युटरला बोलत होतो.

ही म्हणाली, ‘नाही हो, ते कॉम्प्युटरला बोलत होते.’

कणकेकडे बघत होती.

‘मला बोलतात तेव्हा आवाज थोडा कमी असतो.’

१६ नोव्हेंबर, रविवार.

मेहुणी आली. मी बोलावलं नव्हतं, पण दार मीच उघडलं.

कॉम्प्युटर सुरू केला. ब्राउझरने विचारलं, आधीच्या खिडक्या परत उघडू का? मेहुणीने हो म्हटलं. उघडतच राहिल्या. फेब्रुवारीतलं हवामान, एप्रिलमधले सामने, रागावर घरगुती उपाय. तिने मोजल्या. एकशे त्रेसष्ट.

म्हणाली, भाऊजी, रेघ म्हणजे खाली ठेवणं. बंद करायला फुली. आणि पडद्याखालचं बटण पडद्याचं, कॉम्प्युटरचं नाही. हा फेब्रुवारीपासून एक दिवसही झोपलेला नाही.

म्हटलं, मग तसं लिहायला नको का कुठेतरी? ही बनवणाऱ्यांची चूक आहे. कागदावर रेघ मारली की काम संपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ती फुल्या मारत बसली, एकापाठोपाठ एक, कोणाचीही सही न घेता. ‘सुसाट’ आणि ‘डॉक्टर’ दोघांनाही हाकललं. वीस मिनिटांत काम संपलं.

मी शनिवारचं वाक्य न् वाक्य तिला वाचून दाखवलं. विचारलं, तूच सांग, यात बायकोला बोलल्यासारखं काय आहे? तिने विचारलं, भाऊजी, यात कॉम्प्युटरला बोलल्यासारखं काय आहे?

परत वाचलं. सापडलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

संस्थेने हिला परत संधी दिली. तास आज झाला, मेहुणीच्या घरून. पास. परवापासून रोज चार ते सहा.

मी आनंदाने सांगितलं, आता इथूनच घे. कॉम्प्युटर उडतोय. करून दाखवलं: बटण दाबलं, पान हजर. ही म्हणाली, छान झालं. मग पिशवीत खडू, वही, चष्मा भरायला लागली.

म्हटलं, कुठे? म्हणाली, ‘परवापासून धाकटीकडेच घेणार आहे.’ म्हटलं, अगं पण आता तो हळू नाही. म्हणाली, ‘तो हळू होता म्हणून नाही जात मी.’

यावर मला बरंच बोलता आलं असतं. बोललो नाही. याची नोंद व्हावी.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.

ही साडेतीनला गेली. दार हळूच ओढून घेतलं.

कॉम्प्युटर लावला. बातम्या उघडल्या. एका सेकंदात. वाचल्या. फुली मारली. हवामान उघडलं. एका सेकंदात. फुली मारली. अडलंय असं काहीच नाही. रागवायला घरात काही नाही, कोणी नाही.

आवाज कमी करून ‘अगं’ म्हणून बघितलं. कमी केला तरी बराच मोठा येतो.

घड्याळात आत्ता कुठे ४.१०.