परसातली नजर

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. ६ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. दाजींस,
जयसिंगचा सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुमच्या कानाला फोन चालत नाही आणि ओरडून बोललेलं मला शोभत नाही, म्हणून पत्र. आक्कानं पाठवलेली पांढऱ्या कांद्याची माळ पोचली. एकही कांदा नासलेला नव्हता, मी स्वतः तपासला. तुमच्या अलिबागेत एवढं एक काम बिनचूक होतं, हे मान्य.

आता खरी बातमी. तालमीनं मला पंच नेमलंय. ज्याची शाळा आठवीत सुटली आणि जो जळक्या मोटरी उघडून उघडून त्यांत नवी तार भरायला शिकला, त्या जयसिंगला! प्रीतीनं ऐकलं आणि म्हणाली, नवराच पंच झाला, आता घरात बोलायची सोय उरली न्हाय.

भांडण असं. आमच्या गल्लीत उदयसिंहानं नवा दुमजली बंगला बांधला. त्याला लागून धोंडुबाईचं जुनं घर आणि मागं तिचं उघडं परसू. नळ तिथंच, धुण्याचा दगड तिथंच, पत्र्याच्या आडोशाची न्हाणी तिथंच. गेल्या दिवाळीनंतर उदयसिंहाची पाण्याची मोटर चोरीला गेली. त्यानं बंगल्याच्या कोपऱ्यावर कॅमेरा बसवला. त्या कॅमेऱ्यात त्याचं फाटक दिसतं आणि धोंडुबाईचं परसूही दिसतं. म्हातारी सत्तरीची. केस धुऊन उन्हात बसायची, ते बंद झालं. धुणं धुतानासुद्धा पदर कानावरून घट्ट ओढून घेते. म्हणते, माणसाचा डोळा निदान लवतो तरी, ह्यो मेला मिटतच न्हाय. उदयसिंहाचं म्हणणं, रेकॉर्डिंग डब्यात पडून असतंय, मी काय कामधंदा सोडून म्हातारीची धुणी बघत बसलोय व्हय? गल्लीत दोन तट पडलेत.

मी किती काटेकोर आहे ते ऐका. परवा रविवारी उदयसिंहाच्या गुऱ्हाळावरून काकवीचा डबा आला. दरसाल सगळ्या गल्लीला येतो, पण यंदा मी तो तसाच परत धाडला. झाकण उघडलं नाही. प्रीती चिडली, पोळीबरोबर काय खाणार म्हणून. मी सांगितलं, पंचाच्या घरी काकवी नको.

मग धोंडुबाईकडे गेलो. चुलीपुढं बसून तिचं सगळं ऐकून घेतलं. मी काम शिकत होतो तेव्हा हिच्याच चुलीवरची भाकरी खाऊन शिकलो, तुम्हाला ठाऊक आहे. परवाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोलता बोलता रडली. मग शिडी लावून कॅमेऱ्याचा कोन बघितला. निकाल माझ्या मनात तयार आहे. कॅमेरा उतरवायचा.

एकच हवंय. गेल्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर तुम्ही म्हणाला होता की तुमच्या ज्यू लोकांच्या जुन्या धर्मशास्त्रात नुसतं बघणं हीसुद्धा इजा मानलीय. ते नीट, कारणासकट लिहून पाठवा. बैठक २५ तारखेच्या रविवारी आहे. मला तिथं नुसतं मत नको, आधार हवा.

आक्काला नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

तुमचा,
जयसिंग


अलिबाग
दि. ११ फेब्रुवारी २०२४

चि. जयसिंग यास,
सायमनदाजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल शनिवारी, आमच्या शब्बाथच्या, विश्रांतीच्या दिवशी आलं. शब्बाथला आम्ही लिहीत नाही, म्हणून आज लिहितो. तू पंच झाल्याचं तुझ्या आक्कानं संध्याकाळच्या आत अख्ख्या आळीला सांगितलं. माझ्या लग्नातसुद्धा ती एवढी खूश दिसली नव्हती.

तू विचारलंस ते खरं आहे. आमचे जुने पंडित दाटीवाटीच्या वस्तीत राहणारे. एकेका अंगणात चार-चार बिऱ्हाडं. धूर, सांडपाणी, दुर्गंधी यांनी शेजाऱ्याला त्रास होतो, तसाच नजरेनंही होतो, असं त्यांनी ठरवलं. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी काढायची नाही. आणि यात कोण प्रत्यक्ष बघतो हा प्रश्नच येत नाही. कुणी बघत असेल या विचारानं माणूस स्वतःच्या अंगणात मोकळा वावरत नाही, तिथंच नुकसान झालं. तेव्हा उदयसिंहाचं ‘मी बघत नाही’ हे उत्तर टिकणार नाही.

हे तुझ्या सोयीचं. आता गैरसोयीचं लिहितो.

तेच पंडित सांगतात की एक बाजू हजर नसताना दुसरीचं ऐकायचं नाही. सांगणारा खोटं बोलतो म्हणून नव्हे. त्याला उलट विचारणारा समोर नसला की त्याची गोष्ट गुळगुळीत होते, म्हणून. एकाला बसवायचं आणि दुसऱ्याला उभं ठेवायचं, हेही चालत नाही. आणखी एक, जे मला तरुणपणी फार खटकायचं. श्रीमंताचं तोंड राखू नये हे कुणीही सांगेल, पण ते म्हणतात की न्यायाला बसल्यावर गरिबाकडेही झुकू नये. दया करायची तर स्वतःच्या घरातून करावी, दुसऱ्याच्या हक्कातून नाही.

एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. होडीतून फळीवरून उतरताना त्याचा तोल गेला. एकानं हात दिला. न्यायाधीशानं चौकशी केली, तर त्या माणसाचा खटला त्याच्यासमोरच होता. म्हणाला, आता मी तुझ्या खटल्याला बसू शकत नाही. नुसता हात, जयसिंग.

तू काकवी परत केलीस, शाबास. पण भाकरी खाल्लीस. एकटीचं ऐकलंस, तिचे अश्रू पाहिलेस आणि निकाल ठरवून मग माझ्याकडे आधार मागितलास. न्याय म्हणजे निकाल बरोबर आणि निकालापर्यंतची वाटही बरोबर, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. तू धोंडुबाईचा माणूस आहेस. त्यात वाईट काही नाही, पण पंचाची जागा सोड.

राग येईल. येऊ दे. प्रीतीला आशीर्वाद. तुमचा जिव्हाळा आम्हाला पुरून उरो.

तुझा,
सायमनदाजी


कसबा बावडा
दि. १५ फेब्रुवारी

ती. स्व. दाजींस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून एक मोटर चुकीची भरली, ती परत सोडवावी लागली. असं माझ्या हातून होत नाही.

मी उठलो तर त्या जागेवर कोण बसणार, याचा विचार केलात का? आमचा अध्यक्ष आकाराम. तालमीच्या मांडवाचा खर्च दरसाल उदयसिंह करतो आणि आकाराम त्याच्या गाडीतून फिरतो. निकाल काय लागणार ते शेंबडं पोरही सांगेल. म्हातारी मरेपर्यंत पदर ओढून धुणं धूत राहील, आणि मी मात्र शुद्ध! तुमचे पंडित होडीतून उतरले तेव्हा काठावर आकाराम उभा नव्हता.

आख्ख्या गल्लीनं पहिल्यांदा मला मान दिलाय. मी उठणार नाही. रागावलो तरी नमस्कार पोचावा.

जयसिंग


अलिबाग
दि. १९ फेब्रुवारी

चि. जयसिंगास,
आक्काचा आशीर्वाद.

दाजी लिहायला बसलेले, मी पेन काढून घेतलं. त्यांचं उत्तर थोरामोठ्यांच्या आधारांसकट यायचं आणि तोवर तुझी बैठक होऊन जायची.

तुला राग आलाय कारण ते बरोबर बोलले. बापाच्या हातचा मार खाऊन पण तू असाच गप कोपऱ्यात बसायचास. मला एक सांग, मोटर तपासताना एकाच टोकाला मीटर लावून निदान करतोस व्हय रं? दोन्ही टोकं लागतात न्हवं? मग माणसाचं निदान एका चुलीपुढं बसून कसं केलंस?

आणि आकारामचा बाऊ करू नको. जागा सोड म्हंजे आकारामला दे असं कुणी सांगितलं? दाजी म्हणतात, त्यांच्याकडं जुनी रीत अशी की न्याय कुणाकडं मागायचा ते भांडणाऱ्या दोघांनी मिळून ठरवायचं. सगळ्यांसमोर उभा राहून खरं काय ते सांग, आन् पंच त्या दोघांनाच निवडू दे. अध्यक्षाला मधी येऊ देऊ नको. तेवढा तुझा आवाज हाय, मला म्हाईत हाय.

लग्न करून मी ह्या घरात आले तवा आपल्या माणसांनी माझ्याबद्दल काय काय ठरवलं होतं, मला न विचारता, ते तुला आठवत असंल. प्रीतीला सांग, कांदे ओल्यात ठेवू नको. लेकरा, तुझ्यावरचा जीव तसूभर कमी न्हाय.

आक्का


कसबा बावडा, कोल्हापूर
दि. ३ मार्च २०२४

ती. स्व. दाजी आणि आक्का यांस,
जयसिंगचा सा. न. वि. वि.

आक्का, तुझं पत्र बैठकीआधी पोचलं, दोनदा वाचलं. सगळं क्रमानं लिहितो. घाई करून वाचू नये.

तालमीत गल्ली लोटली होती. उदयसिंहासाठी खुर्ची टाकलेली, धोंडुबाई खाली सतरंजीवर. पंच म्हणून मी पहिला हुकूम केला, एकतर दोघं खुर्चीवर न्हायतर दोघं सतरंजीवर. धोंडुबाई म्हणाली, माझं गुडघं खुर्चीत मावत न्हाईत. मग उदयसिंह खाली बसला. तो हुकूम मी असा खणखणीत दिला की मागच्या भिंतीला टेकलेले लोकसुद्धा सरळ झाले.

तोच माझा शेवटचा हुकूम. लगेच उठून सांगितलं की मी या बाईची भाकरी खाल्लीय, एकटीचं म्हणणं ऐकलंय आणि निकाल आधीच ठरवलाय, तेव्हा मी पंच चालत नाही. मग धोंडुबाईचं तोंड सुटलं. मुडद्या, माझी भाकरी खाऊन ऐन टायमाला पळतोस व्हय, तुझ्या जिभंला हाड हाय का न्हाय, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. आकाराम घसा खाकरून पुढं सरकला. मी आडवा आलो. म्हणालो, तू बी न्हाय, मी बी न्हाय, दोघं मिळून एक नाव घेतील तोच पंच.

मग नावांची ओढाताण. धोंडुबाई म्हणे, ह्येची काकवी खाणारा नको. उदयसिंह म्हणे, मग हिची भाकरी खाणारा पण नको. असं करता करता गल्लीतला एकेक माणूस बाद झाला. उरली एकच. कांबळ्यांची क्रांती, कोर्टात वकिली करते, टोकाच्या नव्या इमारतीत राहते, मागं दाराशी उभी होती. राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण तिच्या दारात कुणाचा काकवीचा डबा गेला नव्हता आणि कुणी तिला भाकरीला बोलावलं नव्हतं. माझ्या घरानंसुद्धा नाही. का, ते मी लिहायला नको आणि तुम्ही विचारायला नको. आख्ख्या तालमीच्या ते एकदमच ध्यानात आलं. थोडा वेळ कुणी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

क्रांती पुढं आली आणि म्हणाली, मला चालेल, दोघांना चालणार असेल तर. दोघं एकदम व्हय म्हणाले. त्या दोघांचं गेल्या चार महिन्यांत एवढंच एक जमलं.

दोघांना समोरासमोर बसवून तिनं विचारलं, आणि जे बाहेर आलं ते मला चुलीपुढं कळलं नव्हतं. चोर आला तो धोंडुबाईच्या परसातून चढून. उदयसिंह आधी तिच्याकडं गेलता, मधे भिंत घालूया, खर्च सगळा माझा म्हणून. म्हातारीनंच नको म्हटलं, पापडांवरचं ऊन जाईल म्हणून. मी बघितलं तिच्याकडं. ती म्हणाली, तू इचारलंस कुठं? खरंच विचारलं नव्हतं, दाजी. मी कॅमेरा उतरवला असता, आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच उघडं पाडलं असतं.

क्रांतीचा निकाल असा. कॅमेरा राहील, कारण भीती खरी आहे. पण त्यात परसाची वीतभर जमीनही दिसता कामा नये, कोण बघतंय न बघतंय हा प्रश्न नाही. दाजी, तुमचं नाव न ऐकता ती तुमचंच बोलली! हे करणार कोण, तर तिनं मला बोलावलं. म्हणाली, पंच म्हणून तुम्ही चालत नाही, कारागीर म्हणून चालता.

कॅमेऱ्याला मी पत्र्याची झापड केली. पहिली जरा रुंद झाली, फाटकाची कड झाकली जायला लागली, म्हणून मोडली. दुसरी मिलिमीटरला बरोबर. तपासायला उदयसिंहाला आत स्क्रीनपुढं बसवला आणि धोंडुबाईला परसात सगळीकडं फिरायला सांगितलं. ती हातात खराटा घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून ओरडतेय, दिसतो का रं खराटा, आता दिसतो का, आन् हितनं? उदयसिंह आतून ओरडतोय, काकू, शिव्या सगळ्या पोचत्यात, तुमी मातर कुठंच न्हाय. बाहेर गल्ली हसून लोळायची बाकी.

इथं मला वाटलं की झालं. पण क्रांती परसाच्या मधोमध उभी राहून स्वतःभोवती सावकाश फिरली आणि बोट वर केलं. माझ्या दुकानाच्या खिडकीकडं! जिथं बसून मी इतकी वर्षं मोटरी भरतो, तिथून ती न्हाणी समोर दिसते. शिडी लावून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा कोन मोजणारा मी, माझी खिडकी माझ्याच हिशेबात नव्हती. आकारामला तेवढंच हवं होतं, पार वाकून वाकून हसला. मी म्हणालो, हसा, पण काच आजच बसंल. आणि बसली. खालचं अर्धं तावदान धुरकट काचेचं, कडेला काच धरणारी पुट्टी इतकी सरळ की ओळंबा लावून बघावा.

धोंडुबाई माझ्याशी अजून बोलत नाही. जड जातं, खोटं कशाला लिहू. पण गल्लीतून जाताना मान ताठ असते. पंच असताना एवढी ताठ नव्हती.

काल क्रांती झापड जागेवर आहे का ते बघायला आलती. तिला परसातून लवकर सोडलं नसावं. प्रीतीपण तिकडंच होती, म्हातारीच्या डोक्यावर ऊन पाणी घालायला. मी दुकानात मोटर घेऊन बसलेलो. काचेपलीकडून तांब्याचा आवाज आला, आणि मग तिघी अशा हसल्या, अशा हसल्या की माझ्या हातातली तार थांबली. काचेत नुसता उजेड. संध्याकाळी प्रीतीला विचारलं, एवढं काय झालतं हसायला. म्हणाली, तुमाला काय करायचंय?

दाजी, या गल्लीतली अशी एक गोष्ट नाही जी मला ठाऊक नाही. ही एक ठाऊक नाही. आणि तिचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतोय.

मे महिन्यात या. थोरामोठ्यांचा हात डोक्यावर राहावा एवढंच मागणं.

आपला,
जयसिंग