'रिलेटिव्हली' म्हणजे काय हो?

१४ मार्च

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. मी सुखरूप पोचले, रुळलेसुद्धा. छातीची गोळी सकाळची की रात्रीची यावरून वन्संशी हुज्जत घालू नका, त्या म्हणतील तेव्हा घ्या. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि स्क्रीनवर माझं तोंड दिसलं की तुम्ही काहीबाही ओळखत बसता. त्यापेक्षा पत्र बरं.

घर छोटं पण उजेडाचं आहे. स्वयंपाकघर इतकं अरुंद की मी ओट्याशी उभी राहिले की जावयांना फ्रीज उघडता येत नाही. मग ते 'सॉरी' म्हणतात, मी 'सॉरी' म्हणते, आणि दूध आतच राहतं.

लेक बरी आहे. डॉक्टरांनी तिला थोडे दिवस दवाखान्यात ठेवून घेतलंय, विश्रांतीसाठी. सातवा महिना म्हटल्यावर जपावं लागतंच. मी आणि जावई रोज जाऊन येतो. तुम्ही जिवाला घोर लावून घेण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या प्रांतातलं. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, पण इथली माणसं बोलतात ते निराळंच आहे. वाक्य सरळ सुरू होतच नाही. आत शिरण्याआधी पाय पुसावेत तसा एक शब्द आधी हवाच. जावयांना विचारलं, जेवलात का? तर 'ॲक्च्युअली, येस.' खालची शेजारीण म्हणाली, लिफ्ट 'टेक्निकली' चालू आहे. म्हणजे चालू आहे, फक्त आपल्या मजल्यावर थांबत नाही. परवा मी केलेली भाजी खाऊन जावई म्हणाले, 'ऑनेस्टली, इट्स गुड,' आणि तांब्याभर पाणी प्यायले. तेव्हापासून 'ऑनेस्टली' ऐकलं की मी आधी मिठाची चव बघते.

तर मला एवढं सांगा, 'रिलेटिव्हली स्टेबल' म्हणजे काय हो? स्टेबल म्हणजे स्थिर हे कळतं. मग नुसतं स्थिर का म्हणत नाहीत? आणि 'होपफुली' वाक्याच्या सुरुवातीला आलं तर जास्त चांगलं, की शेवटी? एकदा डॉक्टरीणबाई 'फॉर्च्युनेटली' म्हणाल्या आणि लेक रडायलाच लागली. सुदैवाने म्हटल्यावर रडायचं काय?

सहज विचारते आहे. कान तयार व्हावा म्हणून.

तुमची,
मी

२३ मार्च

प्रिय बाईसाहेब,

पत्र मिळालं. गोळी रात्रीचीच निघाली, ताई हरली, पण कबूल करत नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. 'रिलेटिव्हली' म्हणजे कशाच्या तरी मानाने. कालच्या मानाने, किंवा शेजारच्या खाटेच्या मानाने. विश्रांतीला झोपवलेल्या बाईबद्दल डॉक्टर असं बोलत नाहीत. 'फॉर्च्युनेटली' तेव्हाच म्हणतात जेव्हा दुर्दैव दारापर्यंत येऊन गेलेलं असतं. 'होपफुली' कुठेही आलं तरी अर्थ एकच, की पुढचं आमच्या हातात नाही.

बाळ झालंय, हो ना? वेळेच्या आधी.

रागावलो नाही. माझ्या छातीला जपायला म्हणून लिहिलं नाहीस, हे कळतं. पण पत्र वाचल्यापासून मी घरात नुसता येरझारा घालतोय आणि ताई मला विचारते आहे, काय हरवलं. माझी छाती खऱ्याने दुखणार असेल तर दुखू दे. अंदाजाने जास्त दुखते.

आणखी एक. तू त्या शब्दांना हसतेस, मीही वर्गात हसायचो. मुलांच्या वहीत 'ॲक्च्युअली' दिसलं की लाल रेघ मारायचो. काल विचार करत होतो, आपण तरी काय करतो? 'तसं बरं आहे' म्हणतो, त्यातलं 'तसं' काढून बघ. 'तो म्हणे सुधारतोय', त्यातलं 'म्हणे' काढून बघ. आपल्याला जेवढं ठाऊक आहे त्याच्या पुढे पाऊल पडू नये म्हणून माणूस हे शब्द वापरत असावा. त्या डॉक्टरीणबाई तुला फसवत नाहीयेत. उलट फसवायचं नाही म्हणून त्या शब्द मोजून देताहेत.

आता तू लिही. जे आहे ते.

तुझाच

३१ मार्च

प्रिय आजोबा,

हो. नात आहे.

मी निघाले तेव्हा ती झालेली होती. विमानतळावर जावई घ्यायला आले, त्यांच्या अंगातला शर्ट उलटा होता. मी म्हटलं, काय झालं? ते म्हणाले, 'आई, शी इज हिअर.' मला वाटलं लेक बाहेर गाडीत बसली आहे. मी गाडीच्या काचेतून आत डोकावूनही पाहिलं.

काचेच्या पेटीत ठेवलंय तिला. एका तळहातावर मावेल एवढी. नाकात नळी, छातीवर तारा, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. मी आयुष्यभर बाळांची झबली शिवली, पण हे माप माझ्या टेपवर कधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी पेटीपाशी उभीच राहू शकले नाही. पाणी पिते म्हणून बाहेर गेले आणि भिंतीला टेकून बसले. तुम्हाला काय लिहू? लिहिलं असतं तर तुम्ही तिथे छाती धरून बसला असतात, आणि मी इथे. म्हणून ती विश्रांतीची गोष्ट रचली.

मग तिला जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरीणबाई आल्या, भल्या आहेत हो, खाली वाकून लेकीच्या डोळ्यांत बघून बोलतात. औषध 'प्रॉबेबली' लागू पडेल, म्हणाल्या. मेंदूला 'अपॅरंटली' धक्का नाही. 'रिअलिस्टिकली' पुढचे दोन दिवस अवघड. लेक एकेक शब्द चाचपून बघत होती, भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघावा तशी. त्या गेल्यावर मला म्हणाली, "आई, प्रॉबेबली म्हणाल्या की पॉसिबली? पॉसिबली असेल तर कमी असतं." मी म्हटलं, प्रॉबेबलीच. मला नीट ऐकू आलं नव्हतं, अहो. पण मी म्हटलं.

त्यानंतर जावई बाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांना मराठी येत नाही, माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, बाळ कसं आहे? ते म्हणाले, 'ऑनेस्टली, आई, शी इज डूइंग...' आणि पुढचा शब्द येईना. मी म्हटलं, 'नो ऑनेस्टली. यू टेल.'

 मग ते म्हणाले, "आय ॲम स्केअर्ड."

मी घाबरलोय. एवढंच. त्या वाक्याच्या मागेपुढे काही नव्हतं. इतका उंच माणूस, पण माझ्या खांद्यावर डोकं टेकवताना शाळेतल्या पोरासारखा दुमडला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. "होईल बाळा, होईल" असंच काहीतरी. त्यांना एक अक्षर कळलं नसेल, पण मी त्यांना 'बाळा' म्हटलं ते आता माझ्या तोंडातून जात नाही. आता ते माझ्यासाठी जावईबापू राहिले नाहीत.

औषध लागू पडलं. हे मी आधीच लिहायला हवं होतं, तुम्ही श्वास धरून वाचत असाल. ताप उतरला. मग हळूहळू श्वासाचं यंत्र काढलं. यंत्र काढलं त्या सकाळी आम्ही तिघं काचेला नाक लावून तिच्या छातीकडे बघत होतो. वर, खाली. वर, खाली. मध्येच थांबली. लेकीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून वळ आहे. आणि परत वर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'डेफिनेटली बेटर.' मी तुमचं पत्र वाचून शहाणी झालेली, त्यामुळे लगेच मनात आलं, 'डेफिनेटली' का म्हणाल्या? नुसतं 'बेटर' पुरलं नसतं का? पण त्या हसत होत्या. हसण्यावर मी समाधान मानलं.

खरी बातमी नर्सने दिली. जाडजूड, खडबडीत आवाजाची बाई. काल बाळ रडायला लागलं, मांजराच्या पिल्लासारखं, पण आवाज करून. आम्ही सगळे धावलो. काय झालं, काय झालं? नर्सने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच अडाणी.

"शी इज हंग्री," म्हणाली.

भूक लागलीय. आपल्या नातीला भूक लागलीय! मी त्या बाईच्या गळ्यात पडले. तिला ते आवडलं नाही, पण तिने सोडवून घेतलं नाही.

अजून वजन वाढायचं आहे, अजून डोळे तपासायचे आहेत, घरी कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. कानातलं यंत्र लावून तुमच्या डॉक्टरांना प्रवासाचं विचारा. ते जे म्हणतील ते मला जसंच्या तसं कळवा, त्यांनी वापरलेल्या प्रत्येक शब्दासकट. वन्संना म्हणावं, माझ्या लाकडी कपाटातल्या मऊ जुन्या साड्या धुऊन ठेवा.

काल पहिल्यांदा लेकीने तिला छातीशी घेतलं. मी काही लिहीत नाही त्याबद्दल. खाली जागा सोडते, लेकीला स्वतः लिहायचंय.

तुमची,
आजी

बाबा, आईने तुम्हाला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर चिडू नका, मीच नको म्हटलं होतं. झोपेत बाळ कपाळाला आठी घालतं, तुम्ही पेपर तपासताना घालायचात तशी. मला तुम्ही इथे हवे आहात.

तुमची लेक