रत्नवेळचा आरमारप्रमुख

६ जानेवारी, सोमवार. दिघी.

आज माझी रत्नवेळ राज्याच्या आरमारप्रमुखपदी नेमणूक झाली.

रत्नवेळ नकाशावर सापडणार नाही. ते एका वेब सिरीजमधलं राज्य आहे. तिचं शूटिंग तीन आठवडे दिवेआगरच्या किनाऱ्यावर आणि आमच्या खाडीत चालणार. सैन्य जमवायला पनवेलचा केतन आलाय. त्याने जेट्टीवर लाइन लावली होती. माझ्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, चाचा, दाढी ओरिजिनल आहे ना? मग तुम्ही आरमारप्रमुख.

दाढी हे निमित्त. दोहात बावीस वर्षं मॉलच्या सिक्युरिटीत काढली, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. एकाच वेळी सोळा स्क्रीन बघायचो. अशा माणसाच्या चेहऱ्यावर कमांड दिसतेच.

घरी येऊन नसीबाला सांगितलं. ती सुकट निवडत होती. म्हणाली, आरमार म्हणजे पाण्यातलं ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, आणि तुम्ही? मग परत सुकट निवडायला लागली.

नवऱ्याच्या प्रगतीवर अशी प्रतिक्रिया.

नोंद: मी पाण्याला घाबरत नाही. मला पाणी आवडत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अब्बा खलाशी, आजोबा खलाशी, दोन्ही चाचा खलाशी. घरातल्या एकाने तरी जमिनीकडे लक्ष द्यायला हवं होतं.

८ जानेवारी, बुधवार

सैन्याची पाहणी केली. एकूण संख्या बेचाळीस. त्यात रिक्षावाले अकरा, होमस्टेचे आचारी चार, बाकी मच्छीमार आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांमधले गडी. भाले म्हणजे चंदेरी रंग दिलेले पाण्याचे पाइप. चिलखत स्पंजचं. होड्या दोन. उरलेल्या तीनशे होड्या कॉम्प्युटरवर होणार आहेत. त्या मला जास्त भरवशाच्या वाटतात.

एक गंभीर बाब. दुपारी जेवणानंतर याच बेचाळीस जणांना काळे फेटे बांधले आणि ते शत्रूचे सैन्य झाले. सकाळी ज्यांना मी शपथ दिली तेच माझ्यावर चाल करून आले. केतनकडे तक्रार केली. तो म्हणाला, चाचा, बजेट.

महाराज, म्हणजे सिरीजचा हिरो, अजून दिसले नाहीत. एसी व्हॅनमध्ये असतात.

१० जानेवारी, शुक्रवार

संकल्प: पंधरा दिवसांत पोहायला शिकणे. पदाला शोभेल इतपत.

पहाटे फज्रच्या नमाजानंतर किनाऱ्यावर गेलो. पाण्यात घोट्यापर्यंत. दोन मिनिटं. समाधानकारक.

११ जानेवारी, शनिवार

पाणी घोट्याच्या चार बोटं वर. लाट आली. मी परत आलो.

१२ जानेवारी, रविवार

आधी थिअरी पक्की हवी. यूट्यूबवर बघून पलंगावर पालथा पडून हातपाय मारले. अठरा मिनिटं. श्वास छान बसतो. नसीबा कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली, दारात उभी राहिली, घड्या घेऊनच बाहेर गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

‘आरमार सुधारणा आराखडा’ लिहून काढला. नऊ पानं. मुख्य मुद्दा असा की आरमारप्रमुखाने होडीत असणं जुनाट पद्धत आहे. त्याने किनाऱ्यावर उंच जागी राहून दुर्बिणीतून हुकूम द्यावेत. केतनला दिला. त्याने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, यात डायलॉग कुठाय?

माझ्या होडीचा तांडेल बुधाजी. रेवदंड्याचा कोळी, बहीण इथे दिली म्हणून आलेला. होडी तोच चालवणार, वर साध्या सैनिकाचे कपडे घालून. त्याने आज मला बाजूला घेतलं. म्हणाला, नजूभाय, तुला पोवता येत न्हाय, व्हय ना? मी म्हटलं, विषय पोहण्याचा नसून नेतृत्वाचा आहे. तो म्हणाला, बरां. पन होडीत बसून ऱ्हा. उभा नको ऱ्हाऊ.

माणूस चांगला, पण रँकची जाण नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

समुद्री लढाईची तारीख आली. सोमवार, वीस तारीख. माझा शॉट: होडीच्या टोकावर उभं राहून तलवार उपसायची आणि ओरडायचं, रत्नवेळ!

संध्याकाळी पोटात गोळा. बहुतेक दुपारच्या कोलंबीने.

१७ जानेवारी, शुक्रवार

कोलंबीचा दोष नव्हता. आज फक्त डाळ-भात खाल्ला, तरी गोळा तसाच.

सैन्यात सदा म्हणून एक जण आहे. दिवेआगरचा, साठीचा, नारळ पाडणारा. चाळीस-चाळीस फुटांच्या माडावर दोर न लावता चढतो. आज तो माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, साहेब, कुणाला सांगू नका, मला पाण्याची भीती वाटते. वर कितीही चढवा. खाली पाणी हललं की माझं डोकं फिरतं. मी विचारलं, मग आलास कशाला? म्हणाला, नात हट्ट करते. ऋतिका. तिला आजोबा मोबाईलवर बघायचाय.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, सदा, सोमवारी तू माझ्या शेजारी उभा राहा. मी आहे.

तो एवढा निर्धास्त झाला की पाया पडायला निघाला. मी अडवलं.

हे वाक्य मी का बोललो? आवाज तर माझाच होता.

१८ जानेवारी, शनिवार

डॉक्टरकडे गेलो. बीपी नॉर्मल. पुन्हा तपासा म्हटलं. पुन्हा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला इतकं छान बीपी फार कमी जणांचं असतं. निराश होऊन घरी आलो.

१९ जानेवारी, रविवार

उद्या भरती किती वाजता ते बुधाजीला विचारलं. त्याने सांगितलं. परत विचारलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, नजूभाय, जमत नसंल तं न्हाय सांग. लाज कसली?

मी हसलो. बराच वेळ हसलो. तो हसला नाही.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ६.

तयार आहे. नसीबाने दुआ पढून माझ्यावर फुंकर घातली. नंतर म्हणाली, मीही येऊ का? मी म्हटलं, लढाईत बायकांचं काम नसतं. ती म्हणाली, तुमचं तरी काय काम असतं?

सोमवार, संध्याकाळ

मोहीम पार पडली. थोडक्यात अहवाल.

होडीत चौदा जण. लाइफ जॅकेट कॅमेऱ्यात दिसतात म्हणून किनाऱ्यावरच ठेवली. बचावाची बोट सोबत असायची होती, ती महाराजांना आणायला गेली. होडीत तरंगायची एकच केशरी रिंग होती. तिची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. म्हणजे झग्याच्या आत हात घालून धरून ठेवली.

नांगर टाकला. मी टोकावर. शेजारी सदा, हातात भाला. तो हळूच म्हणाला, साहेब, आहात ना? मी मान हलवली. माझे डोळे तेव्हा मिटलेले होते, पण हे त्याला दिसलं नसावं.

लांबून एक मालवाहू बार्ज गेली. तिची लाट आडवी आली. होडी कलली, सरळ झाली. त्यात सदा पाण्यात पडला.

पुढची हालचाल बुधाजीने केली. सदाला बाहेर काढलं. सदा ठीक आहे. पाणी प्यायला. दवाखान्यात नेऊन घरी सोडला.

आरमारप्रमुखाने अशा वेळी जागा सोडायची नसते. हा सगळीकडचा नियम आहे. प्रमुखच पडला तर उरलेले बारा जण कुणाकडे बघणार?

मंगळवार, २१ जानेवारी

शूटिंग बंद. केतन दिवसभर फोनवर.

कालच्या अहवालात एक तपशील राहिला. बुधाजी ओरडला होता, नजूभाय, रिंग टाक!

वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही.

मंगळवार, दुपार

ऐकू आलं होतं.

दोनदा ओरडला. दोन्ही वेळा ऐकू आलं. सदाचं डोकं माझ्यापासून भालाभर अंतरावर होतं. स्पंजचं चिलखत पाणी पिऊन त्याला खाली ओढत होतं. तो ओरडत नव्हता. नुसता माझ्याकडे बघत होता. रिंग टाकायची एवढंच काम. मी बोटांना सांगत होतो, सोडा. बोटं सोडेनात. ती माझी बोटं नव्हतीच. बुधाजीने सुकाणू सोडलं, चार जणांवरून उडी मारून पाण्यात गेला. सदाला होडीत ओढून घेतल्यावर त्याने माझी बोटं एकेक करून उघडली. मला वाटतं, मी तेव्हाही म्हणत होतो, रत्नवेळ.

गुरुवार, २३ जानेवारी

काल दिवसभर ठरवत होतो. आज गेलो. सदाच्या घरी, दिवेआगरला.

रिक्षात भाषण तयार केलं. परिस्थिती, वारा, बार्जचा वेग, होडीचा कल. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या. सदा खाटेवर बसून चहा पीत होता. आवाज बसलेला. मला बघून उठायला लागला. साहेब आले म्हणून नातीला खुर्ची आणायला सांगितलं.

मी खुर्चीवर बसलो नाही. म्हटलं, सदा, रिंग माझ्याकडे होती.

तो म्हणाला, हां. बघितलं मी.

मी म्हटलं, मी आहे म्हणालो होतो तुला.

त्याने चहाचा कप खाटेखाली ठेवला. मग म्हणाला, साहेब, तुमचं तोंड मला खालून दिसत होतं. मी बुडत होतो, पण माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलेले. मला तुमचंच वाईट वाटलं.

पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. ऋतिकाने चहा आणला. कप बशीवर वाजू लागला तेव्हा सदाने तो माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला.

शुक्रवार, २४ जानेवारी

शूटिंग परत सुरू. आता सगळ्यांना जॅकेट, दोन बचाव बोटी. आरमारप्रमुख म्हणून बुधाजी. त्याला दाढी चिकटवली. बरी दिसते.

मला केतनने किनाऱ्यावरचं काम दिलं. मृत सैनिक. लढाई संपलीये, वाळूत प्रेतं पडलीयेत, महाराज त्यांच्यामधून चालत जातात. केतन म्हणाला, चाचा, ह्यात कायच करायचं नाही. फक्त पडून राहायचं. जमेल ना?

हे मात्र जमेल. कोरडी वाळू. पाणी चाळीस पावलं लांब, मी मोजली.

संकल्प: उद्या असं मरायचं की महाराजांनीही थांबून बघावं.

शनिवार, २५ जानेवारी

नसीबा पहिल्यांदा शूटिंग बघायला आली. सदाही आलेला, शाल गुंडाळून खुर्चीवर.

मी पडलो. डोळे मिटले. श्वास रोखला. माझ्या आजूबाजूला सतरा प्रेतं, त्यातलं एक शिंकलं म्हणून पहिला टेक गेला. दुसऱ्या टेकच्या आधी व्हॅनचं दार उघडलं आणि महाराज खरोखर बाहेर आले. पावलं जवळ येऊ लागली. लाटांचा आवाज. तो पण जवळ येतोय असं वाटायला लागलं. डोळे उघडायचे नव्हते. मनात म्हटलं, चाळीस पावलं. चाळीस पावलं.

तेवढ्यात टाचेला पाणी लागलं. गार.

त्यानंतरचं मला आठवतं ते थेट सुरूच्या झाडांपाशी. एका झाडाला मिठी मारून उभा होतो. मागे दोन्ही राज्यांची प्रेतं उठून बसलेली, पोट धरून हसत होती. सदा इतका हसला की त्याला खोकला आला. महाराज वाळूत एकटेच उभे.

नसीबा माझ्या चपला घेऊन आली. मी म्हटलं, भरती वेळेआधी आली.

तिने मागे बोट दाखवलं. समुद्र होता तिथेच होता. माझ्या जागेपाशी मेकअपवाला उभा, हातात बाटली. प्रेतांना रक्त लावत फिरत होता बिचारा.

ती म्हणाली, कधीपासून आहे हे?

मी म्हटलं, पहिल्यापासून.

ती म्हणाली, मला वाटलंच. चपला घाला.

केतनने सोमवारी यायची गरज नाही म्हणून सांगितलं.

टाच अजून लाल आहे. साबणाने रंग जात नाही. नसीबा म्हणते, अर्धा तास पाय पाण्यात बुडवून बसा. मोरीत टब भरून ठेवलाय तिने. घोट्याच्या बराच वर येईल इतकं पाणी आहे त्यात.

बघू.