तेरापंथी पाहुणे

१० ऑगस्ट २०२५, रविवार
बन्सीलालनं नीरजासाठी स्थळ आणलं. हा आमच्या समाजातला लग्नं जुळवणारा माणूस. मुलाचं नाव सम्यक, इंजिनिअर, शेंद्र्याला नीरजाच्याच कंपनीत. योगायोग. घर सिडकोत. आई नाही, वडील आणि आजी. मूळचे हिंदी मुलखातले, सागरकडचे, इथं येऊन जमाना झाला. आडनाव विचारलं तर म्हणे 'जैन'.
जैन हे काय आडनाव झालं? जैन तर मीही आहे. म्हणून मी पिशोरकर लिहायचं सोडलं का? आडनाव झाकणारा आणखी काहीतरी झाकत असतो. सगळी नोकरी वजनमाप खात्यात काढली. काटा मारणारा दुकानदार मी पायरीवरूनच ओळखायचो.
नीरजाचं या वर्षी जमवायचंच. तिशी आली. आधीची चार स्थळं बरी नव्हती, मी वेळीच ओळखलं म्हणून वाचलो. नीरजा म्हणाली, पप्पा, हे मोडू नका. जणू मी मोडतो!
निश्चय: संशय घ्यायचा नाही. फक्त चौकशी करायची.

१२ ऑगस्ट, मंगळवार
बन्सीलालला फोन लावून पंथ विचारला. म्हणाला, तेरापंथी.
झालं! मला जैनांचे सगळे पंथ तोंडपाठ आहेत. तेरापंथी म्हणजे श्वेतांबरांतले. मूर्ती नाही, मंदिर नाही, तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून बसायचं. बन्सीलाल म्हणाला, धन्यकुमारजी, पूर्ण ऐका तर, त्यात दोन प्रकार... मी फोन ठेवला. लग्न जुळवणाऱ्याचं पूर्ण ऐकायचं नसतं.
आपल्यात ही भानगडच नाही. आपण सैतवाळ. सरळ साधे दिगंबर. मूर्तीला फुलं वाहतो, दूध-दह्याचा पंचामृत अभिषेक करतो, पद्मावतीमातेची ओटी भरतो. पंथबिंथ काही नाही.
रूपाला म्हणालो, माणसं वाईट नसतील, सगळे महावीरांचेच. पण पोरीनं लग्नानंतर दर्शनाला कुठं जायचं? भिंतीला हात जोडायचे? रूपा म्हणाली, अहो, आधी मुलगा तर बघा. बायकांना खोलात जाता येत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
बघण्याचा कार्यक्रम झाला. मी कमी बोललो, जास्त बघितलं.
आजी रिक्षातून उतरल्या तेव्हा तोंडावर पांढरा रुमाल! मी नुसतं बघितलं तर लगेच म्हणाल्या, जालना रोडची धूळ लई आहे बाई. मी विचारलं होतं का? न विचारता खुलासा देणारं गिऱ्हाईक मला नवीन नाही.
मुलाचे वडील सुरेंद्रजी देवघरापाशी गेले. ताटातली झेंडूची फुलं बघून थबकले. पार्श्वनाथांना हात जोडले, पद्मावतीमातेला जोडले नाहीत. नोंद घेतली. मूर्तीला नमस्कार केला हे खरं, पण तेवढी अॅक्टिंग कोणालाही जमते.
मग आजींना मुद्दाम मंत्र म्हणायला लावला. श्वेतांबर त्याला 'नवकार' म्हणतात, आपण 'णमोकार'. आजी स्वच्छ 'णमोकार' म्हणाल्या. म्हणजे घरून प्रॅक्टिस करून आल्या! या वयात एवढी तयारी! धन्य आहे.
नीरजा लाजलीबिजली नाही. मुलगा फारसा आवडलेला दिसत नाही. पण हुशार पोरगी. सम्यकला न विचारताच बिनसाखरेचा चहा दिला. चेहऱ्यावरून माणूस ओळखते. माझ्यावर गेलीय.
सुरेंद्रजी म्हणाले, निघतो, सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला पाहिजे. मी म्हणालो, आमच्याकडंही कडक नियम आहे. रूपानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
श्वेतांबरांचं पर्युषण सुरू झालं. आपलं दशलक्षण ते संपल्यावर. म्हणजे हे लोक या आठवड्यात गुपचूप तिकडं प्रवचनाला जाणार. रंगेहाथ पकडायची हीच वेळ.
संध्याकाळी सिडकोत त्यांच्या गल्लीसमोर उभा राहिलो. नुसतं उभं राहिलं तर लोकांना शंका येते, म्हणून टपरीवर कांदाभजी घेतली. चातुर्मासात कांदा सोडलाय, पण हे खाणं नव्हे, ही ड्यूटी. दुसरी प्लेट घेतली तेवढ्यात सम्यक स्कूटरवर समोर! नमस्ते अंकल म्हणाला. मी म्हणालो, गाईसाठी घेतली. तो इकडं तिकडं बघायला लागला. गाय नव्हती.
आता हा पोरगा इतक्या वेळेवर कसा उगवला? कोणीतरी त्याला खबर देतंय. घरी आल्यावर नीरजा म्हणाली, पप्पा, भजी कशी होती? मी म्हणालो, कसली भजी? ती आत गेली. अंदाजानं बोलली असेल.

२४ ऑगस्ट, रविवार
धाडस केलं. थेट तेरापंथ भवनात घुसलो. वाटलं, बाप-लेक किंवा आजी तिथं दिसली की केस क्लोज.
दारात एक सज्जन भेटले. पहिल्यांदा आलात का, सामायिक करणार का, म्हणजे ध्यानाला बसणार का, असं प्रेमानं विचारलं. मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार? त्यांनी पांढरी मुहपत्ती माझ्या तोंडाला बांधली, आसन दिलं आणि एक मुहूर्त हलायचं नाही म्हणून सांगितलं. मुहूर्त म्हणजे पाऊण तासाच्या वर. उजवा पाय आधी झिणझिणला, मग गेला.
माणसं लई चांगली निघाली. उठताना दोघांनी हात दिला. पण सुरेंद्रजींच्या घरातलं कोणी दिसलं नाही. म्हणजे सावध आहेत. मी येणार हे त्यांना कळलं होतं. नक्की कोणीतरी फितूर आहे. बहुतेक बन्सीलाल.

२६ ऑगस्ट, मंगळवार
सकाळीच बन्सीलाल दारात. चहासुद्धा नको म्हणाला. मोबाईल पुढं केला. कोणीतरी भवनातला फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकलाय. पहिल्या रांगेत मी. तोंडावर मुहपत्ती, डोळे मिटलेले. (ध्यान नव्हतं, डुलकी होती. पण फोटोत ध्यान दिसतं.) खाली लिहिलंय, नव्या श्रावकांचं स्वागत. तोंड झाकलंय तरी हे नाक कोणीही ओळखेल.
सुरेंद्रजींनी बन्सीलालला विचारलं म्हणे, पिशोरकर नक्की दिगंबर आहेत ना? आमच्यापुढं दिगंबर, तिकडं मुहपत्ती, टपरीवर कांदाभजी आणि तोंडानं कडक नियम. श्वेतांबर असते तरी आम्हाला चाललं असतं, पण खोटं बोलणारं घर नको.
मला! वजनमापवाल्याला खोटा म्हणतात! मी ताडकन म्हणालो, चोराच्या उलट्या बोंबा! तेरापंथी ते आणि प्रश्न मला?
तेव्हा बन्सीलालनं कपाळावर हात मारला. म्हणाला, अहो, तेरापंथी दिगंबरांतही असतात! मूर्ती आपलीच, मंदिर आपलंच. फक्त ते ओली फुलं वाहत नाहीत, केशरी तांदूळ वाहतात. अभिषेक नुसत्या पाण्याचा. पद्मावतीची पूजा नाही. नाव तेच, पण श्वेतांबर तेरापंथाशी संबंध नाही. आणि तुम्ही जे फुलं, पंचामृत, ओटी करता ना, त्याला वीसपंथी म्हणतात.
मी म्हणालो, कोणाला? म्हणाला, तुम्हाला.
साठी उलटल्यावर कळलं की मीही एक पंथ आहे. आमच्या आप्पांनी कधी सांगितलं नाही. लपवलं असेल.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दशलक्षणाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. नीरजा माझ्याशी बोलत नाही. ऑफिसातून आली, दार लावून घेतलं. आत रडत होती. दाराबाहेर बराच वेळ उभा होतो. वाटलं, हाक मारावी. मारून काय सांगणार?
मुलगा इतका आवडला होता तर लाजायला काय झालं होतं हिला?
निश्चय: दहा दिवस रात्री जेवायचं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
पोह्यांना जेवण म्हणत नाहीत.

३ सप्टेंबर, बुधवार
रूपा म्हणाली, दशलक्षण संपलं की क्षमावणीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात, तेव्हा आपण सिडकोत जायचं. तुम्ही समोर बसून खरं काय ते सांगायचं. मी म्हणालो, गैरसमज दोन्हीकडून झालाय. ती म्हणाली, नाही. मी म्हणालो, निदान थोडा. ती म्हणाली, अहो, पोरीचं जाईल हो हे स्थळ. तिचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत रूपाला असं बघितलं नव्हतं.
भाषण तयार करतोय. सुरुवात चांगली जमलीय: 'समाजहितासाठी कधी कधी...'

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावणी
जाऊन आलो.
भाषण झालं नाही. दारातच आजी समोर आल्या. मी हात जोडले, 'उत्तम क्षमा' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं 'मिच्छामि दुक्कडम्'! भवनात त्या दिवशी ऐकलेलं डोक्यात बसलं होतं. क्षमा मागताना तसं श्वेतांबर म्हणतात! सुरेंद्रजी माझ्याकडं बघतच राहिले.
मग रूपानंच सगळं सांगितलं. रुमाल, मंत्र, भजी, गाय, मुहपत्ती. काही म्हणजे काही सोडलं नाही. शेवटी म्हणाली, आमचे हे श्वेतांबर नाहीत, तेरापंथी नाहीत, वीसपंथीही नावापुरतेच. हे संशयपंथी. आजी एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सुरेंद्रजी पण हसले. म्हणाले, हमें लगा आप कुछ छुपा रहे हैं. मी म्हणालो, मुझे भी यही लगा था.
लग्न ठरलं. मांडवात ओली फुलं नाहीत, एवढंच. मला कोणी विचारलं नाही, तरी मी हो म्हणालो.
नंतर सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. नीरजा माझ्यापुढं आली, वाकली. म्हणाली, पप्पा, उत्तम क्षमा. मी आणि सम्यक तीन वर्षांपासून ठरवून बसलो होतो. बन्सीकाकांना मीच पाठवलं. आईला माहीत होतं. आणि ती आधीची चार स्थळं... त्यांच्याबद्दल तुमच्या कानावर काहीबाही मीच घालत होते. पुढचं तुम्ही करत होतात. हे पाचवं तेवढं मी काही न सांगता तुम्ही मोडायला निघालात, तेव्हा लई भीती वाटली हो.
डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी जवळ घेतलं तिला. दुसरं काय करणार? शहरभर पाळत ठेवली, आणि मी जिच्या हातचा चहा रोज पीत होतो तिच्यावर एकदाही शंका आली नाही. जावई चांगला आहे. हेही माझ्या आधी तिनंच ओळखलं.
तेवढ्यात आजींनी पेढे वाटायला घेतले. माझ्यापर्यंत येता येता बॉक्स संपला. आजी म्हणाल्या, अरे, कम पड गए. खरंच कमी पडले की कसं, ते बघावं लागेल.