ज्वालाग्राही म्हणजे काय, हे मुलाला कळेपर्यंत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, धंदा स्वतःच्या मालकीचा ट्रक स्वतः चालवणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणी धाक न घालता आणि कोणी न पाजता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. बायको शेजारी बसून मधूनमधून शब्द सुचवते आहे. पण ही एकोणचाळीस वर्षांची सवय असल्यामुळे कायद्याने त्याला दडपण समजू नये. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी स्वतः जाऊन, स्वतःला तपासून घेऊन आणला आहे. असे मुद्दाम का लिहितो, ते पुढे येईल.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. घर तसेही तिचेच आहे, मी महिन्यातून पाच-सहा दिवस येणारा पाहुणा होतो. माझ्यामागे कोणीही ‘इथे फक्त सही कर’ म्हणत तिच्यापुढे कागद धरू नये. धरल्यास तिने आधी चष्मा शोधावा आणि तो लवकर सापडू देऊ नये.

कलम २. जॅक, पाने, टायरचा रॉड आणि दोरखंड कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला द्यावेत. त्यातले निम्मे पाने मूळचे त्याचेच आहेत. हे मला माहीत आहे, एवढेच त्याला माहीत नाही. ट्रकचा जुना हॉर्न समोरच्या मास्तरांना द्यावा. त्यांनी त्याच्याविरुद्ध बावीस वर्षे अर्ज केले. आता तो वाजायचा थांबला तर त्यांना करमणार नाही.

कलम ३. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, माझे धोकादायक माल वाहून नेण्याचे प्रमाणपत्र लॅमिनेशनसकट मिळावे. ते त्यानेच करून आणले होते, त्याचे त्याला परत.

हा मेहुणा ट्रान्सपोर्टचा दलाल. ॲसिड, थिनर, गॅस असला माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचा वर्ग करून परीक्षा द्यावी, असा नियम निघाला तेव्हा माल भरायच्या फाटकापाशी आम्हा सगळ्या मालक-ड्रायव्हरांची सभा भरली. मोठ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांना पगारी रजेवर, जेवणासह वर्गात पाठवणार होते. आमची मात्र गाडी उभी, चूल थंड. एक जण म्हणाला, गाडी चालवून केस पांढरे झाले, आता हा पोरसवदा सर मला आग गरम असते हे शिकवणार. दुसरा म्हणाला, शिकलेल्याला पोलीस जास्त अडवतात. मी दोघांनाही मान डोलावली. आमचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, म्हणून तर ते इतके धोक्याचे होते.

मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही कशाला बाकावर बसता? कागदाशी मतलब.”

त्याने शेजारच्या टेलरला माझ्या नावाने वर्गात बसवले. मिशी दोघांची सारखी, फोटोचे काम भागले. टेलर तीन दिवस मन लावून शिकला आणि पहिला आला. तेव्हापासून त्याच्या शिलाई मशीनजवळ वाळूची बादली असते आणि दुकानात कोणाला विडी ओढू देत नाही. सबंध गल्लीत धोकादायक मालाचे खरे ज्ञान त्या एकट्यालाच आहे, आणि त्याला साधी सायकल येत नाही.

कलम ४. हे कलम बायकोने सुचवलेले नाही. ते लिहिताना तिला मी आत पाठवले आहे.

त्या काळी ट्रकवर माझा एक जोडीदार होता. एक झोपला की दुसरा चालवी. एकदा आम्ही थिनरची पिंपे भरली. पिंपांवर लाल पट्टी आणि शब्द: ‘ज्वालाग्राही’. दुपारी रस्त्याकडेला थांबलो तेव्हा जोडीदाराने विचारले, “तू कोर्स केलायस ना? ज्वालाग्राही म्हणजे काय रे?”

खिशात प्रमाणपत्र होते. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, “सोपं आहे. ग्राही म्हणजे ग्रहण करणारा. ज्वाला आली की गिळून टाकतो. म्हणजे आगीची भीती नाही.”

वारा फार होता. त्याने चहाचा स्टोव्ह पिंपांच्या आडोशाला नेऊन पेटवला. एक पिंप झिरपत होते.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीला आलेल्या साहेबांनी माझे प्रमाणपत्र पाहिले आणि म्हणाले, “तुम्ही तर प्रशिक्षित आहात, तुमच्याकडून असं होणार नाही.” त्यांनी लिहिले, जोडीदाराचा निष्काळजीपणा. मी खाली सही केली. दवाखान्यात पडलेल्या जोडीदाराला, मीच सांगितलेला अर्थ चुकीचा होता, हे मी सांगितले नाही. त्याला वाटले, आपणच काहीतरी उलटे ऐकले. एकोणीस वर्षे मी त्याला तसेच वाटू दिले. मला याची लाज वाटते.

कलम ५. ट्रक मुलाचा. पण मामाने, म्हणजे त्याच मेहुण्याने, त्याला ॲसिड वाहायचे काम आणले आहे आणि सोबत ‘कागद’ही करून देतो म्हणतो. मुलगा मला म्हणतो, “बाबा, तुमचं कुठे काय अडलं?” म्हणून अट अशी, की त्याने तिन्ही दिवस स्वतः वर्गात बसावे, स्वतः पास व्हावे. एकट्या मालकाने हे शिक्षण घ्यावे का, यावर फाटकापाशी अजून वाद चालतो. माझे मत: घ्यावेच, रडत-कुढत का होईना, कारण कंपनीच्या ड्रायव्हरमागे कंपनी असते, आपल्यामागे फक्त पिंपे असतात. मुलाने टाळाटाळ केल्यास ट्रक माझ्या जोडीदाराला द्यावा.

दुरुस्ती. कलम पाचची शेवटची ओळ रद्द. कारण असे:

साक्षीदार म्हणून आज जोडीदाराला बोलावले. सही करण्याआधी त्याला सगळे वाचून दाखवले. कलम चार आणि पाच ऐकून तो म्हणाला, “गाडी घेऊन मी काय करू? मला स्टिअरिंग धरता येत नाही. एवढं तरी लक्षात ठेवायचंस.”

मी मान खाली घातली.

तो म्हणाला, “घरात सगळे मला वेंधळा म्हणतात. पोरं माझ्या हातात काडेपेटी देत नाहीत. मीही म्हणायचो, बरोबर आहे त्यांचं.”

मी विचारले, साक्षीला राहशील का.

“राहतो. पण हे तू मेल्यावर वाचायचं नाही. सोमवारी वर्ग सुरू होतोय. पोराला घेऊन ये, तूही बस. मी पुढे उभा राहून सगळ्या ड्रायव्हरांना हात दाखवणार. आणि मी काय विचारलं होतं, तू काय सांगितलं होतंस, ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं.”

म्हणून ट्रकबाबत आता असे वाचावे: सोमवारी मुलगा वर्गात बसला नाही, किंवा मी तिथे तोंड उघडले नाही, तर ट्रक कोणालाच न देता भंगारात काढावा.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली. दिनांक : नऊ फेब्रुवारी, शनिवार.

मृत्युपत्र करणार : (सही)

साक्षीदार १ : टेलर. या वेळी स्वतःच्या नावाने. (सही)

साक्षीदार २ : जोडीदार. पेन धरता येत नसल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तीनदा घेतला, तिन्ही वेळा नुसता काळा डाग आला, रेषा उमटल्या नाहीत. हा डाग त्याचाच आहे, आणि तो कोणामुळे असा आहे हे मला माहीत आहे, असे मी पुन्हा सही करून लिहून देतो. (सही)