न उचललेला भंडारा

४ एप्रिल, केज
माझ्या अशिलाला, सुभाषला, जामीन झाला. डेअरीच्या चारा छावणीवर राखणदार. गोदामातली पेंडीची पोती चोरीला गेली. किल्ल्या दोघांकडे, सुभाष नि डेअरीचा सेक्रेटरी. तक्रार सेक्रेटरीची. तुरुंगात कोण गेला ते सांगायला नकोच. बाहेर आल्यावर बजावलं, आता कुणापुढे चकार शब्द नको, घटनेप्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. "ध्यानात हाय बाई," म्हणाला.

७ एप्रिल
सेक्रेटरीचा निरोप: खंडोबापुढे बेलभंडारा हातात घेऊन 'मी चोरी केली न्हाई' म्हण, तडजोडीचा अर्ज देतो. गावातली भांडणं अशीच मिटतात. सुभाष म्हणतो, "आज्यानं दीक्षा घेतली तवाच देव सुटले. मी न्हाई उचलणार." अभिमान वाटला. भीतीही.

९ एप्रिल
छावणीत गेले. टँकर नाही, जनावरं हंबरतायत. सुभाषची म्हैस गावानं दावणीवरून काढली. का? तर चोर नसता तर भंडारा उचलला असता. मी तावातावानं सांगितलं, गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. एक म्हातारा शांतपणे, "कोर्टात नसंल. हितं हाय."
डोकं फिरलं. जेवलेच नाही.

१४ एप्रिल
सकाळी जयंतीची गडबड, त्यात हे कळलं. सुभाषच्या आईनं काल परस्पर भंडारा उचलला. लेकाच्या नावानं, सगळ्यांदेखत. म्हैस परत छावणीत. सुभाष आईशी बोलत नाही. आई मला म्हणाली, "लई खंगली वो म्हस. बघवंना गेलं."
सेक्रेटरी म्हणतो, आईनं उचललेला चालत नाही. तक्रार कायम.

१७ एप्रिल
मजाच. गाव सेक्रेटरीला म्हणतं, किल्ली तुझ्याकडंबी हाय, आता तू उचल. तो नाही म्हणाला. झालं, चोर ठरला. खरं लिहिते, मला गुदगुल्या झाल्या. उलटतपासणीतला पहिला प्रश्न मिळाला: तुम्ही भंडारा का उचलला नाही?

२ सप्टेंबर
पाऊस नाहीच. छावणी चालू. उद्या सेक्रेटरीची उलटतपासणी.
कोर्टाच्या पायरीवर त्यानं गाठलं. वाळलाय. लोक त्याच्याकडे बघत नाहीत म्हणे. "मी कावून उचलला न्हाई ते तुमाला सांगायचं न्हाई. पण छावणीत तुमीच म्हणल्या व्हत्या, गप ऱ्हाणं म्हंजी कबुली न्हाई. ते एकट्या सुभाषपुरतं व्हतं का?"
तक्रार तुमची आहे, म्हटलं. "हाय की," म्हणाला नि गेला.
माणूस खोटा आहे असं मला अजून वाटतं. पुरावा? भंडारा उचलला नाही, तोच एक. तो प्रश्न घातला तर सुभाष बहुतेक सुटतो. नाही घातला तर...
संध्याकाळी सुभाषला बोलावून सगळं सांगितलं. विचारलं, घालू का प्रश्न? तो खाली बघत राहिला. काही बोललाच नाही.
आणि मी मघापासून त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसलेय.